पुढे निर्वंश

मेलबर्नला कायमचे राहायला निघाले, तेव्हा वडिलांनी माझ्या सामानात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत ठेवला होता. तपकिरी कापडी बांधणीचा, पाने पिवळी पडलेला तो ग्रंथ अर्धी बॅग अडवून बसला होता आणि त्यापायी मला दोन साड्या मागे ठेवाव्या लागल्या होत्या. ज्यांनी असे ग्रंथ चाळले आहेत, त्यांना त्यातली वंशवेल डोळ्यांसमोर आणता येईल. वरती मूळ पुरुष, त्याच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे, आणि असे करत करत एक पान अपुरे पडले की घडी घातलेले मोठे पान. रेघा खाली खाली उतरत जातात. मध्येच एखाद्या नावाखालची रेघ मात्र थांबते आणि तिथे बारीक अक्षरात छापलेले असते : पुढे निर्वंश. लहानपणी मी आजीला त्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा तिने पान उलटले आणि संध्याकाळच्या वेळी तो शब्द तोंडातून काढू नये, एवढेच सांगितले. आमच्याकडे तो शब्द शाप देतानाच वापरत असत.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. माझे स्वतःचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातले, त्यामुळे सजीवांचे वर्गीकरण आजही मनात सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती याच क्रमाने उभे राहते. इंग्रजीत ज्याला फॅमिली म्हणतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘कुल’ हा शब्द निवडला आणि तो निवडणाऱ्याला माझा मनापासून नमस्कार आहे. कुल म्हटले की त्यात पूर्वज येतात, शाखा येतात, भाऊबंदकी येते, आणि वंश बुडण्याची भीतीही येते. थायलसिनिडी हे मांसाहारी, शिशुधान (म्हणजे पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्यांचे कुल ७ सप्टेंबर १९३६ रोजी समूळ संपले, हे वाक्य मी वर्गात इंग्रजीत बोलते तेव्हा ती एक माहिती असते. तेच वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हटले की मला ते घडीचे पान दिसते आणि सगळ्यात खालची, कुठेही न जाणारी रेघ दिसते.

थायलसीन म्हणजे ज्याला टास्मानियाचा वाघ म्हणतात तो प्राणी. वाघाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पाठीच्या मागल्या अर्ध्या भागावर, शेपटीच्या मुळापर्यंत पंधरा-वीस गडद पट्टे होते, तेवढ्यावरून वसाहतीतल्या लोकांनी त्याला वाघ म्हटले, तोंडावरून लांडगा म्हटले, आणि उतरत्या पुठ्ठ्यावरून काहींनी तरसही म्हटले. खरे तर तो कांगारूचा दूरचा नातलग होता. कांगारूप्रमाणेच त्याच्या मादीच्या पोटाला पिशवी होती, फक्त तिचे तोंड मागच्या बाजूला उघडत असे. नराच्याही अंगाला तशीच एक लहान घडी होती आणि झाडाझुडपांतून जाताना त्याचे वृषण तीत सुरक्षित राहत. शेपूट कुत्र्यासारखी हलणारी नव्हती. ती पाठीच्या कण्यातून सरळ निघाल्यासारखी, मुळाशी जाड आणि ताठ होती.

दरवर्षी दुसऱ्या सत्रात मी वर्गात दोन कवट्या नेते. एक कुत्र्याची, खरी; दुसरी थायलसीनची, रेझिनमध्ये ओतलेली हुबेहूब प्रतिकृती. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की मुले गोंधळतात, आणि त्यांनी गोंधळावे अशीच माझी इच्छा असते. तेच लांब मुस्कट, तेच सुळे, तीच गालाच्या हाडाची कमान. मग मी दोन्ही कवट्या उलट्या करते आणि मुलांना टाळूवरून अंगठा फिरवायला सांगते. कुत्र्याच्या टाळूवर अंगठा सलग हाडावरून घसरत जातो. थायलसीनच्या टाळूवर तो मागच्या बाजूला दोन लांबट भोकांत अडकतो. ही दोन भोके म्हणजे शिशुधान प्राण्यांची खूण. त्यानंतर दात मोजायचे : कुत्र्याचे ४२, थायलसीनचे ४६, कारण त्याला प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, चार-चार दाढा आहेत. खालच्या जबड्याचा मागचा कोपराही आत वळलेला आहे. एवढे झाले की पोरांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्यासाठी मी वर्षभर वाट पाहते. कुत्रा आणि थायलसीन यांचा शेवटचा सामाईक पूर्वज सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. तेव्हापासून दोन वेगळ्या खंडांवर, दोन वेगळ्या घराण्यांनी, धावून शिकार धरण्याचा एकच धंदा पत्करला आणि त्या धंद्याने दोघांना एकच तोंडवळा दिला.

या घराण्याची जुनी पाने क्वीन्सलँडच्या वायव्येला, रिव्हर्सले नावाच्या ठिकाणी चुनखडीत सापडतात. आज तो भाग रखरखीत आहे. अडीच कोटी वर्षांपूर्वी तिथे दाट, ओले जंगल होते. तिथून आणलेले चुनखडीचे धोंडे प्रयोगशाळेत सौम्य ॲसेटिक आम्लात बुडवून ठेवतात. ॲसेटिक आम्ल म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलेच आम्ल. दगड हळूहळू विरघळतो, हाडे मात्र विरघळत नाहीत, आणि आठवड्यामागून आठवडे गेल्यावर धोंड्याच्या पोटातून एखादा जबडा, एखादी दाढ अलगद वर येते. छिन्नीहातोड्याने जे चुरडले असते ते आंबट पाण्याने शाबूत हाती लागते. या कामाची छायाचित्रे पाहताना मला नेहमी चिंचेच्या पाण्यात भिजत घातलेली देवांची भांडी आठवतात. सकाळी काळपट दिसणारी मूर्ती दुपारी नाकडोळ्यांसकट समोर येते, तशी ही हाडे.

त्या दगडांतून निघालेले नातेवाईक एकसारखे नव्हते. निंबासायनस डिक्सनी हा जेमतेम पाच किलोंचा. त्याच्या नावातला ‘निंबा’ हा शब्द तिथल्या वान्यी लोकांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ ‘लहान’ असा आहे. नॉर्दर्न टेरिटरीतल्या बुलॉक क्रीक येथे सापडलेला एक भाऊबंद मांजरापेक्षाही लहान होता. रिव्हर्सलेच्याच जुन्या थरांतून २०२४ मध्ये तीन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यांतल्या एकीचा, बॅडजसायनस टिमफॉकनरीचा, जबडा इतका जाड आहे की ती हाडे फोडून खात असावी असे संशोधकांचे म्हणणे आहे. म्हणजे मांजराएवढे, कोल्ह्याएवढे, हाडे फोडणारे, मिळेल ते खाणारे असे सगळे चुलत-मावस भाऊ एका काळी एकाच खंडावर नांदत होते. घराणे भरलेले होते. कुलवृत्तांताच्या भाषेत सांगायचे तर ते पान मुडपून तीन घड्या घालाव्या लागल्या असत्या.

पुढे खंड वाळत गेला. जंगले मागे हटली, गवताळ माळ पसरला, आणि वंशवेलीवरच्या एकेका रेघेखाली तेच दोन शब्द येऊ लागले. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीच्या अल्कूटा येथील थरांत या कुलातली थोडी नावे उरलेली दिसतात. त्यांतला थायलसायनस पोटेन्स हा अलीकडच्या थायलसीनपेक्षा अंगाने बराच थोराड होता. नंतर नावे आणखी कमी झाली आणि शेवटी एकच शाखा, एकच जात उरली. एवढ्या मोठ्या वाड्यात एकच बिऱ्हाड उरावे, तशी. पण ते बिऱ्हाड चिवट होते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर सगळीकडे ते पसरले होते, न्यू गिनीतही होते. काकडूतल्या उबिर येथील खडकावर आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या मुरुजुगाच्या शिळांवर तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याची चित्रे काढून, कोरून ठेवली आहेत, आणि त्यांतले पाठीवरचे पट्टे आजही मोजता येतात. नलरबॉरच्या पठारावरील एका गुहेत १९६६ मध्ये एक थायलसीन सापडला. तो साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेला होता, पण कोरड्या हवेने त्याची कातडी आणि केस टिकवून ठेवले होते.

मुख्य भूमीवरून तो सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. माणसांची वाढती वस्ती, बाहेरून आलेले डिंगो कुत्रे आणि बदलते हवामान ही तीन कारणे सांगितली जातात. त्यांतल्या कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. टास्मानिया त्याआधीच, बारा-चौदा हजार वर्षांपूर्वी, समुद्र चढल्यामुळे बेट होऊन वेगळा पडला होता. तिथे डिंगो कधी पोहोचले नाहीत. म्हणून अडीच कोटी वर्षांचे ते घराणे त्या एका बेटावर जिवंत राहिले. तिथले मूळ लोक त्याला ओळखत होते, आणि त्यांच्या विखुरलेल्या भाषांचे तुकडे जोडून आज पुन्हा बोलली जाणारी पालावा कानी ही भाषा त्याला ‘कापरुनिना’ म्हणते.

यानंतरचा भाग सांगताना माझा आवाज वर्गातही नीट लागत नाही.

इंग्रज मेंढपाळ बेटावर आले. जंगल तोडून कुरणे झाली, मेंढ्या मरू लागल्या, आणि दोष कोणाला द्यायचा हा प्रश्न उभा राहिला. बेटावर मेंढ्या पाळणाऱ्या व्हॅन डीमेन्स लँड कंपनीने १८३० पासूनच थायलसीन मारणाऱ्याला बक्षीस द्यायला सुरुवात केली होती. १८८६ मध्ये जॉन लाइन नावाच्या सदस्याने वसाहतीच्या विधिमंडळात सरकारी बक्षिसाचा ठराव मांडला आणि तो १२ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. एका मताने. या एका मतापाशी मी दरवेळी थांबते. १८८८ ते १९०९ या काळात मोठ्या प्राण्यामागे एक पौंड आणि पिल्लामागे दहा शिलिंग या दराने २,१८४ बक्षिसे दिली गेली. पिल्लाचाही दर ठरलेला होता, हे वाचल्यावर तो तक्ता मी बराच वेळ बंद करून ठेवला होता.

हे फक्त तिकडे घडले असे कोणी समजू नये. त्याच साम्राज्याने, त्याच काळात, आपल्याकडे वाघ, बिबटे आणि लांडगे मारणाऱ्यांना अशीच बक्षिसे दिली. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून दाखवले आहे की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. आपला लांडगा माळरानांवर कसाबसा तग धरून राहिला, कारण त्याला पसरायला खंडाएवढी जमीन होती आणि त्याच्या कुलात कोल्हे, खोकड, कोळसुंदे असे कितीतरी भाऊबंद होते. थायलसीनला पळायला समुद्राखेरीज दुसरे काही नव्हते आणि भावकी तर कधीच संपली होती.

शिवाय ज्या गुन्ह्यासाठी त्याला मारले, तो गुन्हाही बहुतांशी त्याचा नव्हता. मेंढ्यांचे नुकसान मोकाट कुत्र्यांनी, चोरांनी आणि ढिसाळ कारभाराने झाले होते. २०२० मध्ये संग्रहालयांतली हाडे आणि पेंढा भरलेले प्राणी मोजून केलेल्या एका अभ्यासात थायलसीनचे सरासरी वजन १६.७ किलो निघाले. तोवर ते जवळपास ३० किलो धरले जात असे. एवढ्या अंगाचा, पातळ जबड्याचा प्राणी मोठ्या मेंढ्या फाडत फिरत होता, हे पटण्यासारखे नाही. त्याचे भक्ष्य लहान वॉलबी, पॉसम असे असावे. तोंडात कोंबडी धरलेल्या थायलसीनचे १९२१ सालचे एक छायाचित्र त्या काळी फार गाजले आणि चोर म्हणून त्याचे नाव आणखी पक्के झाले. त्या छायाचित्रातला प्राणी मोकळ्या रानातला नव्हता, हे पुढे उघड झाले. तोपर्यंत खटला चालवायला आरोपीच उरला नव्हता.

१९१७ मध्ये टास्मानियाला राजचिन्ह मिळाले, त्यावर ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन थायलसीन उभे आहेत. हे ठरले तेव्हा रानात ते मोजके उरले होते. १९३० मध्ये मॉबॅना येथे एका शेतकऱ्याने एक थायलसीन गोळी घालून मारला; रानात मारल्या गेल्याची ती शेवटची पक्की नोंद आहे. १० जुलै १९३६ रोजी त्याला कायद्याने संरक्षण मिळाले. त्यानंतर ५९ दिवसांनी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा ज्ञात थायलसीन मेला.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी होबार्टला गेले. आपल्याकडे बहुतेकांना होबार्ट माहीत असते ते क्रिकेटमुळे; मी मात्र विमानतळावरून थेट क्वीन्स डोमेनवरच्या त्या जुन्या बोमारिस प्राणिसंग्रहालयाच्या जागी गेले. ते १९३७ मध्ये बंद पडले, पुढे जागा नौदलाच्या इंधनसाठ्यासाठी वापरली गेली. आज तिथे उतारावर गवत वाढलेले आहे, खाली डर्वेंट नदीचे रुंद पात्र दिसते आणि प्रवेशद्वाराच्या लोखंडी जाळीत प्राण्यांच्या आकृत्या आहेत. सप्टेंबर म्हणजे तिथला वसंत ऋतू, पण नदीवरून येणारा वारा हाडांत शिरत होता. त्या रात्री प्राण्याला निवाऱ्याच्या कोठडीत जाता आले नाही आणि तो उघड्यावर गारठून मेला, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, त्या वाऱ्यात मला शालही पुरेना.

याच पिंजऱ्यात डिसेंबर १९३३ मध्ये डेव्हिड फ्ले या निसर्ग अभ्यासकाने एक मिनिटभराची फिल्म घेतली होती. ती मी इतक्या वेळा पाहिली आहे की डोळे मिटूनही सांगू शकेन. प्राणी जाळीलगत येरझाऱ्या घालतो. मागचे पाय ठेवण्याची त्याची ढब कुत्र्याची नाही. टाचेकडचा भाग किंचित खाली येतो. मग तो उन्हात अंग टाकतो, मान वळवून मागे पाहतो, आणि जांभई देतो. जांभई देताना जबडा उघडत जातो, आता थांबेल असे वाटते त्यानंतरही उघडत जातो. मिनिटभरात फिल्म संपते. थायलसीनच्या आज उपलब्ध असलेल्या सगळ्या चित्रफिती एकत्र केल्या तरी जेमतेम तीन मिनिटांच्या आसपास भरतात. अडीच कोटी वर्षांच्या घराण्याची चालती-बोलती आठवण एवढीच, आणि त्यातही आवाज नाही.

फिल्ममधला तो प्राणी हाच शेवटचा, असे कित्येक दशके मानले जाई. १९६८ मध्ये कोणीतरी त्याचे नाव बेंजामिन होते असे सांगितले आणि जगभर तेच नाव रूढ झाले. त्या नावाला आधार नव्हता. शेवटच्या प्राण्याचे शरीर टाकून दिले गेले असावे, असाही समज पक्का झाला होता. मग २०२२ मध्ये रॉबर्ट पॅडल आणि कॅथरीन मेडलॉक या संशोधकांनी जाहीर केले की ते शरीर होबार्टच्याच टास्मानियन संग्रहालयात इतकी वर्षे पडून होते. संग्रहालयातल्या चर्मपूरकाच्या, म्हणजे कातडी कमावून प्राणी जतन करणाऱ्या कारागिराच्या, १९३६-३७ सालच्या एका अप्रकाशित अहवालात एका थायलसीनचा उल्लेख त्यांना सापडला आणि त्यावरून शोध लागला. शेवटचा थायलसीन ही एक वयस्कर मादी होती. इलायस चर्चिल नावाच्या फासेकऱ्याने तिला फ्लोरेंटाइन खोऱ्यात पकडले होते आणि मे १९३६ मध्ये प्राणिसंग्रहालयाला विकले होते. जमिनीवर फासे लावणे त्या काळी बेकायदेशीर होते, म्हणून त्या विक्रीची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे संग्रहालयात शरीर आले, त्याचीही नोंद रीतसर झाली नाही.

ही बातमी मी शाळेच्या शिक्षक-खोलीत वाचली. घरी आल्यावर कपाटातून कुलवृत्तांत काढला आणि कितीतरी दिवसांनी घडीचे पान उलगडले. आमच्या जुन्या पिढ्यांच्या वंशवेलीत बायकांची नावे नाहीत. मुली तर नाहीतच, सुनांच्या जागी कुठे कुठे ‘पत्नीचे नाव उपलब्ध नाही’ असे छापलेले आहे. ज्या शाखेपुढे ‘निर्वंश’ लिहिले आहे, त्या शाखेला एक मुलगी होती, तिची नातवंडे बेळगावात आहेत, हे मला आजीकडून माहीत आहे; ग्रंथात ती रेघ तिच्या भावापाशीच संपते. एका अख्ख्या कुलाची शेवटची जी होती, ती मादी होती, म्हातारी होती, आणि पन्नासहून अधिक वर्षे तिच्या जागी नराचे नाव सांगितले जात होते, हे कळल्यावर मला त्या पानाकडे पूर्वीसारखे पाहता आले नाही.

याच संग्रहालयाने आणखी एक ‘शेवटची’ दाखवली होती, आणि तेही इथे सांगायलाच हवे. १८७६ मध्ये ट्रुगानिनी ही पालावा स्त्री वारली, तेव्हा टास्मानियाचे मूळ लोक संपले असे जाहीर करून टाकण्यात आले. पुढे तिच्या इच्छेविरुद्ध तिचा सांगाडा १९०४ ते १९४७ पर्यंत तिथे लोकांना पाहायला मांडून ठेवला होता. तिच्या लोकांनी तिचे अस्थिदहन करून रक्षा पाण्यात सोडली ती १९७६ मध्ये. ते लोक संपलेले नव्हते; ते आजही आहेत, आपली भाषा पुन्हा बोलत आहेत. माणसांबद्दल लिहिलेले ‘पुढे निर्वंश’ खोटे होते आणि ते मोठ्या अक्षरांत लिहिले गेले. प्राण्याबद्दलचे खरे होते, ते कोणी लिहूनही ठेवले नाही.

आता मेलबर्न विद्यापीठात या घराण्याची रेघ पुढे काढण्याचा प्रयत्न चालू आहे. माझ्या घरापासून ट्रॅमने तासाभरावर. मेलबर्नच्या संग्रहालयात १९०९ मध्ये गोळा केलेले, अल्कोहोलमध्ये ठेवलेले थायलसीनचे एक पिल्लू आहे. त्याच्या पेशींतून २०१७ मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. २०२२ पासून अमेरिकेतल्या कोलोसल या कंपनीच्या साहाय्याने असा बेत आहे की जाड शेपटीचा डनार्ट, म्हणजे उंदराएवढा एक शिशुधान मांसाहारी प्राणी, त्याच्या पेशींतली जनुके थायलसीनसारखी बदलत न्यायची आणि त्यातून एक पिल्लू घडवायचे. डनार्ट हा डॅस्युरिडी या कुलातला; त्याच्या आणि थायलसीनच्या वाटा साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. आपल्याकडे याला एक सरळ शब्द आहे : दत्तक. दुसऱ्या घरचे मूल आणून त्याला आपले नाव द्यायचे, आणि वंशवेलीवर तुटक रेघेने ते दाखवायचे. दत्तकाने घराण्याचे नाव चालते, वाडा चालतो, कुळधर्म चालतो. आमच्याच घराण्याची एक शाखा तशी चालली आहे आणि तिथल्या माणसांवर कोणी कमी प्रेम केलेले नाही. म्हणून मी या प्रयत्नाला नावे ठेवत नाही. पण दत्तक आलेल्याला कुळधर्म शिकवणारे कोणीतरी घरात असावे लागते. शिकार कशी हेरायची, पिल्ले कुठल्या ढोलीत ठेवायची, रात्री कसला आवाज काढायचा, हे त्या पिल्लाला सांगायला त्या घरात आता कोणी नाही. थायलसीनचे आज जिवंत असलेले शिशुधान नातलग, टास्मानियन डेव्हिल, १९९६ पासून चेहऱ्याच्या संसर्गजन्य कर्करोगाने मरत आहेत, वाळवी खाणारे पट्टेरी नंबॅट हजारभराच्या आसपास उरले आहेत. नंबॅट तर आपल्या कुलातला एकटाच आहे. माझ्या हातात पैसा असता तर मी तो आधी त्याच्या रेघेखाली ठेवला असता.

होबार्टच्या संग्रहालयात मी दुपारभर होते. त्या शेवटच्या मादीची कातडी आणि हाडे आता काचेमागे मांडली आहेत. शरीर आले तेव्हा ते शैक्षणिक संग्रहासाठी वापरायचे ठरले होते, म्हणून कातडी पेंढा न भरता सपाट कमावली गेली, घडी करून कुठेही नेता यावी अशी, आणि सांगाडा सुटा करून पाच पुठ्ठ्यांवर लावला गेला. संग्रहालयाचे शिक्षक ते सगळे शाळांच्या वर्गात नेऊन मुलांना टास्मानियाचे शिशुधान प्राणी समजावून सांगत. त्या शिक्षकांना माहीत नव्हते आपण काय हातात धरले आहे. मुलांनाही माहीत नव्हते. पण त्यांनी पाठीवरचे पट्टे मोजले असतील, बोटाने केस उलटे फिरवून पाहिले असतील, मागे उघडणाऱ्या पिशवीची जागा शोधली असेल. कुठे केस विरळ झाले आहेत का, हे मी काचेला कपाळ लावून बराच वेळ शोधत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात शाळा सुरू झाली तेव्हा मी नेहमीप्रमाणे दोन कवट्यांचा खोका घेऊन वर्गात गेले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने प्रतिकृती हातात घेतली, उलटी केली, अंगठा टाळूवरून मागे नेला आणि भोकांशी थांबवला. मी तिला घाई केली नाही.